बोटभर वर आलेला उंबरठा

मित्रांनो, सुडाने पेटलेला उंबरठा तुम्ही कधी पाहिलाय? मग मला बघा. जपानमधल्या एका सामुराई शाळेच्या दारातला उंबरठा आहे मी, वय दोनशेच्या पुढे. हसू नका. लाकडालाही मान असतो.

माझा जन्म केयाकीच्या झाडातला. मोठं चिवट झाड ते. या शाळेत सामुराईंची मुलं सकाळी पोथ्या घोकायची आणि दुपारी लाकडी तलवारी फिरवायची. भलती द्वाड कार्टी! पण येताजाता मला ओलांडून जायची. उंबरठ्यावर पाय म्हणजे बापाच्या डोक्यावर पाय, असं इकडे म्हणतात. काय रुबाब होता माझा!

पुढे सामुराईंचे दिवस फिरले. शाळा बंद पडली, इमारत मोडली आणि मी एका कोठारात धूळ खात पडलो. नऊ वर्षांपूर्वी गावाने जुन्या चित्रांवरून शाळा पुन्हा उभारली. खांब नवे, छप्पर नवं, भिंती नव्या. जुना म्हणाल तर मी एकटा. मला वाजतगाजत आणून बसवलं. मीही हुरळून गेलो.

तिथेच घात झाला. कुराता नावाच्या व्यवस्थापकाने घाईघाईत जमीन जुन्या मापापेक्षा बोटभर खाली बसवून घेतली. मी होतो तिथेच, पण वर आल्यासारखा दिसू लागलो. लोक ठेचकाळायला लागले. आणि या गृहस्थाने अहवालात काय लिहावं? ‘जुनं लाकूड फुगलं आहे.’ चोर सोडून संन्याशाला फाशी!

वर हा शहाणा पाहुण्यांना माहिती सांगताना मोज्यातला पाय माझ्या डोक्यावर रोवून उभा राहायचा. नऊ वर्षं, रोज! मी मनाशी गाठ मारली, याला एकदा नाकावर आपटल्याशिवाय राहणार नाही. पण नशीब बघा, तो माझ्यावरच पाय देत असल्यामुळे त्याला ठेच लागेना. पडायचे ते भलतेच.

मग एका शनिवारी त्याला फोनवर बोलताना ऐकलं. सोमवारी सुतार येणार, मला करवतीने कापून काढणार आणि मोठा कचरा उचलून न्यायला इकडे लावतात ती चिठ्ठी चिकटवून रस्त्याकडेला ठेवणार. माझ्याकडे सूड घ्यायला एकच रविवार उरला.

त्या रविवारी टोकियोतल्या ओजिमाहून एक मराठी कुटुंब आलं. नयना, तिची आठ वर्षांची आर्या आणि पुण्याहून आलेल्या नयनाच्या प्रभावतीकाकू. मी टपून बसलो होतो कुरातासाठी, अडखळल्या काकू. धाडकन गुडघ्यांवर आल्या.

“अगंबाई! काकू, लागलं का हो?” नयना धावली.

“मला काय होतंय! माझाच पाय लागला याला,” म्हणत काकूंनी मला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. “आर्या, उंबरठ्याला काय म्हणतात गं इकडे?”

“शिकिई.”

“बघ! शाळेचा उंबरठा, शिकलेलाच असणार.”

तेवढ्यात कुराता आला. सवयीने माझ्यावर पाय रोवला आणि ‘सुमिमासेन, सुमिमासेन’ अशी माफी मागत वाकला. मग त्याने तोच जुना खुलासा केला. आर्याने तो मराठीत सांगितला. “आजी, ते म्हणतात हे वुड जुनं आहे, फुगलंय. उद्या गोमी. म्हणजे कचरा.”

“फुगलंय म्हणे!” काकू उसळल्या. त्यांनी तीस वर्षं पुण्यात लोकांच्या घरांची सुतारकामं करवून घेतली होती. भले भले सुतार त्यांना टरकून असत. त्यांनी माझ्या कडेवरून बोट फिरवलं. “हे बघ, वरचं लाकूड झिजून काळं पडलंय आणि खालची ही बोटभर पट्टी कोरी आहे. इथपर्यंत जमीन होती. उंबरठा वर आलेला नाही, यांनी जमीन खाली नेलीय. सांग त्यांना!”

“पोलाइटली सांग हं,” नयना कुजबुजली.

पण आर्याची जपानी म्हणजे शाळेतल्या मैत्रिणींशी बोलायची जपानी. अहो-जाहो तिला कुठून येणार? पंधरा पाहुण्यांसमोर ती खणखणीत आवाजात म्हणाली, “काका, लाकूड नाही चुकलं, जमीन चुकली. तू चुकलास. आणि शिकिईवर पाय द्यायचा नसतो, एवढंही माहीत नाही?”

कुणीतरी फिसकन हसलं. कुराताचं तोंड अस्सं उतरलं! आहाहा, माझ्या रेषारेषांत गारवा पसरला. त्याने चटकन पाय काढला, गुडघे टेकले आणि मोजपट्टी लावली. मग सुताराला फोन करून सांगितलं, उंबरठा राहू दे, जमीन वर घ्यायची आहे.

मी वाचलो, हे खरं. पण राग? तो होता तस्सा होता. त्याने काकूंची माफी मागितली, पाहुण्यांची मागितली, आर्यापुढेसुद्धा वाकला. मला मात्र चकार शब्द नाही! उद्या जमीन वर आली की माझी ठेच गेली. आजची संध्याकाळ काय ती हातात.

पाच वाजता शाळा बंद करायला तो एकटाच आला. ये बेट्या, ये, मी म्हटलं. तो माझ्यापाशी येऊन थांबला. खाली पाहिलं. आणि पाय चांगला वीतभर उचलून मला ओलांडून गेला.

दातओठ खात राहिलो मी! पाय उचलणाऱ्या माणसाला पाडायचं तरी कसं? म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या वस्तूंना हार घालू नका, त्यांच्यापुढे भाषणं करू नका. नुसतं पाऊल जपून टाका. आमच्यासारख्या खुनशी म्हाताऱ्यांचा अख्खा सूड तेवढ्याने फुकट जातो.