दरवाजाला फडकं लावायचं नाही!

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे, गाडीचा, ड्रायव्हरच्या बाजूचा. तुम्ही पाहिलेल्या गाड्यांना रंग असतो, मला तो नाही. मी उघड्या स्टीलचा आहे आणि समोर येईल ते स्वतःत पाहत बसणे हा माझा छंद आहे.

माझा जन्म एका कारागिराच्या शेडमध्ये झाला. त्याने कोरा पत्रा कापला, वाकवला, जोडला आणि चार दिवस बारीक पॉलिशपेपरने घासला. एकाच दिशेने, पुढून मागे. माझ्या अंगावर केसाहून बारीक अशा हजारो आडव्या रेघा आहेत. मान वाकडी करून उन्हात पाहिल्या तरच दिसतात. शेवटी त्याने मला इतके उजळवले की माझ्यात हनुवटीवरचा एकेक खुंट मोजता यावा. पुढे तो कारागीर दोन मुलींचा बाबा झाला. घरात आरसा एक आणि मुली दोन, तेव्हा बाबांना तिथे कोण उभे राहू देणार? ते अंगणात येऊन माझ्यासमोर दाढी करू लागले.

काय दिवस होते ते! सिग्नलला थांबलो की शेजारचे लोक माझ्यात बघून हळूच केस सारखे करत. दुपारी अंगणात उभा असलो की ढग माझ्या पोटातून सावकाश जात आणि मला वाटे, मी दरवाजा नाहीच, तळे आहे. घटकाभर मी तसाच तरंगत राही. मग बाबा येऊन मला पुसत आणि मी पुन्हा दरवाजा होई. पुसण्याचा मान फक्त त्यांचा. "दरवाजाला माझ्याशिवाय कुणी फडकं लावायचं नाही!" हे वाक्य त्या घरात पाण्याच्या मोटरीइतकेच रोज ऐकू येई.

मग बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. ते माझ्या इतके जवळ येऊ लागले की नाक मला टेकत असे, आणि तरी हनुवटी कापत असे. शेवटी दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ते महिनाभर थोरलीकडे राहायला गेले. मी धाकटीच्या ताब्यात आलो.

धाकटी मोठी मायाळू. रोज भर दुपारी ती बोअरच्या पाण्याने मला न्हाऊ घाली. पण फडके? नाव नको! बाबांचा शब्द होता ना. पाणी ओघळून जाई, थेंब राहत. ऊन थेंबांतले पाणी पिऊन टाकी आणि क्षार माझ्या अंगावर सोडून जाई. पांढऱ्या वर्तुळावर पांढरे वर्तुळ बसले. धाकटीला वाटले धूळ आहे, म्हणून तिने आणखी पाणी ओतले. माझे ढग दिसेनासे झाले. स्वप्नातसुद्धा मला नुसते धुकेच दिसू लागले.

बाबा यायच्या आदल्या दिवशी तिने डागावर नख घासले. डाग निघेना. तिचे धाबे दणाणले. तिने भांड्यांची तारेची घासणी आणून माझ्या कोपऱ्यात तीनदा उभी ओढली. तो आवाज ऐकून तिने स्वतःच घासणी फेकून दिली. तीन उभे ओरखडे! मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. दुसऱ्या डोळ्याची पट्टी त्याच सकाळी निघाली होती आणि वाटभर त्यांनी काळा चष्मा काढला नव्हता. दोन्ही डोळ्यांनी पहिले बघायचे ते स्वतःचे तोंड आणि तेही माझ्यातच, असा त्यांचा हट्ट होता. त्यांनी चष्मा काढला. माझ्यात पाहिले. मग ते पायरीवर मटकन बसले.

"गेले गं डोळे," ते म्हणाले. "माझंच तोंड मला दिसत नाही."

मला ओरडून सांगायचे होते. पण मला कुठला आवाज? धाकटी गप्प राहिली असती तर तिला कुणी बोल लावला नसता. पण ती बाबांच्या समोर येऊन बसली.

"बाबा, डोळे नाही हो! दरवाजा खराब झालाय. मीच केलाय. माझ्याकडे बघा ना!"

बाबांनी पाहिले. बराच वेळ पाहिले.

"नाकावरचा तीळ दिसतोय तुझा," ते म्हणाले. "आणि रडतेयस तेही."

डॉक्टरांनी वाकायला बंदी केली होती. म्हणून बाबा स्टुलावर बसून सांगत राहिले आणि फडके प्रथमच धाकटीच्या हाती आले. निम्मे व्हिनेगर, निम्मे पाणी. ओले फडके पाच मिनिटे माझ्या अंगावर पसरून ठेवायचे. "आता रेघेरेघेनं पूस. पुढून मागे. गोल गोल नको गं, पोळपाट नाही तो!" मग बोअरच्या नव्हे, गोड्या पाण्याने धुवायचे आणि लगेच कोरडे करायचे. हळूहळू धुके विरले आणि एक ढग अलगद माझ्यात शिरला. मी पुन्हा तळे झालो.

ओरखडे मात्र निघाले नाहीत. बाबांनी त्यांवरून अंगठा फिरवला. धाकटी मान खाली घालून उभी होती.

"हात लावू नका, एवढंच सांगत आलो मी," ते म्हणाले. "कसा लावायचा, ते कधी शिकवलंच नाही."

मित्रांनो, तुमच्या घरीही असे काही जपलेले असेल. त्यावर पाणी तसेच वाळू देऊ नका. आणि ते ज्यांच्यासाठी जपता, त्यांना पुसायलाही शिकवा. आता आमच्या अंगणातल्या खुंटीवर दोन फडकी असतात. सकाळी बाबा दाढी करतात, धाकटी मागे उभी राहून वेणी घालते आणि मला दोन्ही चेहरे स्पष्ट दिसतात.