सगळ्या खोल्या

थोरलीने स्पीकर फळीवर दोन बोटं डावीकडे सरकवला, मागे होऊन पाहिलं आणि पुन्हा एक बोट उजवीकडे आणला.

"बाई, तो कुठेही ठेवलात तरी वाजणारच आहे," टेबलाखाली घुसलेला वायरवाला तिथूनच म्हणाला.

"वाजेल हो. पण भिंतीपासून एक वीत तरी हवाच."

तिने जन्मभर भूमापन कचेरीत नकाशे काढले होते. मोजल्याशिवाय हिला भाजीत मीठही घालता येत नाही, असं तिचा भाऊ म्हणायचा. म्हणजे बोलत होता तेव्हा म्हणायचा.

वायरवाल्याच्या हातात तिने सकाळी आल्या आल्या घराचा नकाशा ठेवला होता. चार खोल्या, भिंतींची जाडी, दारं कुठल्या बाजूला उघडतात तेही. त्याने तो दोनदा उलटसुलट करून पाहिला. एरवी लोक हवेत हात फिरवतात आणि "इथे, तिथे" म्हणतात, असा कागद आपल्याला आजवर कुणी दिला नव्हता, असं त्याने मोकळेपणी कबूल केलं.

स्पीकर निवडतानाही तिने दुकानदारांना असाच घाम फोडला होता. दुकानातली माणसं आपली धडाधड ढोल वाजणारी गाणी लावून दाखवत. ती पर्समधून फोन काढायची आणि स्वतःचं एक ध्वनिमुद्रण लावायला सांगायची. एकटा पियानो, जेमतेम दीड मिनिट, आणि मध्येच कुठलं तरी दार करकरतं.

"यात दारही ऐकू आलं पाहिजे," ती सांगायची.

पहिल्या दोन दुकानांत विक्रेत्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या दुकानात दार ऐकू आलं. तिथून तिने चार स्पीकर घेतले.

बाबा पियानो जुळवायचे. चाळीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन त्यांनी तारा ताणल्या, सैल केल्या, आणि काम झालं की प्रत्येक पियानोवर एकच छोटी धून वाजवली. धून त्यांची स्वतःचीच, तिला नाव नव्हतं. शेजारी टेप सुरू असायचा. अशा कॅसेटींनी दोन पेट्या भरल्या होत्या. एकच धून, पण घरं शेकडो. कुठे घड्याळ ऐकू येई, कुठे कुणी खोकलेलं, कुठे पलीकडच्या खोलीत पाढे म्हणणारी मुलगी. गेला महिनाभर थोरली रोज संध्याकाळी सात-आठ कॅसेटी संगणकावर उतरवत होती. आता ते सगळं कपाटातल्या एका चपट्या डबीत बसलं होतं, आणि घरच्या वायफायवरून हव्या त्या खोलीत वाजणार होतं.

"वायफायचं एक सांगतो," वायरवाला अंग झटकत उठला. "जिन्यातला राऊटर तुमचा आणि वरच्या मजल्याचा एकच आहे. दोन्ही वेगळे करून टाकू? त्यासाठी फक्त वरच्यांना सांगावं लागेल."

"राहू दे," ती म्हणाली.

वरचे म्हणजे तिचा धाकटा भाऊ. दोघं तीन वर्षं बोलत नव्हती. बाबा गेले आणि धाकट्याने घरातला पियानो एका शाळेला देऊन टाकला, तिला न विचारता. त्या दिवशी तिच्या तोंडून गेलं, "तुला काय त्याचं! बाबांचा कान तुला कधी नव्हताच." बाराव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत बाबांच्या हत्यारांची पिशवी ज्याने वाहिली, त्याला ती हे बोलली होती. पुढे त्याने ते सगळं सोडलं आणि लोकांचे दात काढायला लागला, ते का, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी तो तडक वर निघून गेला. मग अबोला मुरला. राऊटर बंद पडला की ज्याला घाई असेल तो जिन्यात जाऊन बटण बंद-चालू करी, दुसरा दाराआड थांबून राही. दोन राऊटर घ्यायचे तर कुणीतरी आधी तोंड उघडायला हवं होतं, आणि तेवढा शहाणपणा दोघांतही नव्हता.

वायरवाला गेल्यावर तिने फोन हातात घेतला. फोनवर अक्षरं आली : सहा स्पीकर सापडले.

तिने तर चारच आणले होते. चारांना तिने मघाशी नावं दिली होती : बैठक, स्वयंपाकघर, निजायची खोली, कामाची खोली. उरलेल्या दोघांना नुसते आकडे होते. यंत्राने दोन स्पीकर दोनदा मोजले असतील, असं म्हणून तिने सोडून दिलं. मोजण्याच्या बाबतीत असा गलथानपणा तिने जन्मात केला नव्हता. पण कान आतुर झाले होते. तिने 'सगळ्या खोल्या'वर बोट टेकवलं.

धून सुरू झाली. दुपारचं ऊन पडद्यातून झिरपून जमिनीवर पडलं होतं आणि पडदा हलला की तेही हलत होतं. ती बैठकीतून कामाच्या खोलीत गेली, तिथून निजायच्या. एक पियानो संपला की दुसरा सुरू होई, आणि तिला वाटलं, आपण एकाच घरात फिरत नाही आहोत. या दाराआड घड्याळ असलेलं घर, पुढच्या दाराआड पाढ्यांचं. सगळीकडे बाबा नुकतेच काम आटपून हात पुसत होते. ती अनवाणी चालत राहिली. किती वेळ, तेही तिला कळलं नाही. तिला फार बरं वाटत होतं, आणि रडूही येत होतं.

मग निजायच्या खोलीत तिचं लक्ष वर गेलं. छतही वाजत होतं.

वरची पावलं थबकलेली तिला स्पष्ट कळली. खुर्ची सरकली. ते दोन आकडे कुणाचे, हे आत्ता तिच्या डोक्यात शिरलं, आणि तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तीन वर्षांनी भावाच्या घरात शिरली ती अशी, न विचारता. तिचं बोट 'थांबवा'वर गेलं.

पण ते तिथेच राहिलं. यादीत खाली एकशे सतरावी कॅसेट होती. ती तिने पंधरा दिवसांपूर्वी उतरवली होती आणि तेव्हापासून तिला झोप नव्हती. चार वेळा ती जिन्यापर्यंत गेली, चारही वेळा तिसऱ्या पायरीवरून मागे फिरली. वर जाऊन सांगायचं म्हणजे आधी आपलं ते बोलणं मागे घ्यावं लागणार होतं, आणि त्यासाठी शब्द सापडत नव्हते.

तिने एकशे सतरावी लावली आणि पलंगावर बसली.

धून वाजली. मग कुण्या बाईंचा आवाज आला, "आज फार सुरेख लागलाय हो!"

"मी नाही लावला," बाबा म्हणाले. "मुलाने लावला. मी नुसता कोपऱ्यात बसून होतो. माझ्यापेक्षा तिखट कान आहे त्याचा." मग बारीक हसू. "त्याला सांगू नका हं, शेफारेल."

कॅसेट संपली. ती छताकडे बघत राहिली.

धून पुन्हा सुरू झाली. तिने फोनला हातही लावला नव्हता. पुन्हा त्या बाई, पुन्हा बाबा. मग तिसऱ्यांदा. फोनवर त्या दोन आकड्यांपैकी एकाच्या आवाजाची रेघ लांबत चालली होती, वरून कुणी ती वाढवत असल्यासारखी.

चौथ्यांदा धून निम्म्यावर आली तेव्हा जिन्यात पावलं वाजली. तिने जाऊन दार उघडलं. धाकटा उभा होता. चष्मा कपाळावर, डोळे लाल. तो तिच्याकडे न बघता तिच्या खांद्यावरून आत बघत होता.

"स्वयंपाकघरातला मागे पडतोय," तो म्हणाला.

"मागे म्हणजे?"

"बाकीच्यांच्या मागे. अगदी किंचित. माझ्या खोलीच्या बरोबर खाली आहे ना, डोकं उठलं माझं."

ती बैठक आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात जाऊन उभी राहिली. एक कान इकडे, एक तिकडे. डोळे मिटून तिने ऐकलं. तिला दोन्ही आवाज एकच वाटले. हो म्हणून वेळ मारून नेता आली असती.

"मला नाही रे कळत," ती म्हणाली. "मला कधी कळलंच नाही. तुला कळतं."

चष्मा काढून त्याने शर्टाच्या टोकाने उगीच पुसला, बराच वेळ पुसला. मग तिच्या शेजारून स्वयंपाकघरात गेला आणि स्पीकरसमोर खाली वाकला.

"फोन दे इकडे," तो म्हणाला. "आणि बस जरा. वेळ लागेल."

तिने फोन दिला आणि स्टूल ओढून बसली.