लाठीनं पाहिलेला परदेशी पिक्चर

मी एक जुनी लाठी आहे. काठी नव्हे. काठी म्हातारपणात हाती येते. लाठी हाती असली की म्हातारपण दारातच घुटमळतं. हे आधीच सांगून ठेवते, मित्रांनो, कारण हल्ली ज्याला त्याला मला काठी म्हणायची सवय लागली आहे आणि मला ती खपत नाही.

शाळा मी पाहिलेली नाही. आमच्या कुळातली जी शाळेत गेली ती छडी होऊन गेली, आणि तिचं नाव आजही कोणी प्रेमानं काढत नाही. त्यामुळे माझं बोलणं कुणाला टोचलं तर टोचू द्या. गुळगुळीत मी फक्त अंगानं आहे.

माझा जन्म साताऱ्याकडे जावळीच्या डोंगरात, भरीव वेळूच्या बेटात झाला. बाबासो म्हणजे माझे धनी; त्यांच्या वडिलांनी मला अवसेला तोडलं. अवसेला तोडलेल्या वेळूला भुंगा लागत नाही असं आमच्याकडे मानतात. मला आजवर लागलेला नाही, तेव्हा ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. पुढे मी चुलीवरच्या माळ्यावर धूर खाल्ला, निखाऱ्यावर शेकून सरळ झाले, तिळाचं तेल प्याले. दोन्ही टोकांना पितळी कडी बसली तेव्हा बेटातल्या माझ्या बहिणी टोपल्या झाल्या होत्या.

बाबासो तुर्भ्याच्या बाजारात माथाडी म्हणून आले आणि मलाही घेऊन आले. दिवसभर ते डोक्यावर गोण्या वाहत आणि संध्याकाळी जुईनगरच्या मोकळ्या मैदानात पोरापोरींना मर्दानी खेळ शिकवत. आधी पवित्रा, म्हणजे नुसतं पाय रोवून उभं राहणं. ते जमल्याशिवाय माझ्या अंगाला हात लावायचा नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत बाबासो मला फिरवू लागले की मी दिसेनाशी व्हायचे; फक्त माझा सूंऽऽ आवाज लोकांना ऐकू यायचा. पोरं आपसूक दोन पावलं मागं सरायची. त्या दिवसांत माझा तोरा विचारू नका.

आमच्या खेळाचा शेवट नारळानं होतो. एक माणूस मांडी घालून बसतो, डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर नारळ. खेळणारा मला आडवी फिरवतो. नारळ फुटला पाहिजे आणि खालच्याच्या केसाला धक्का लागता कामा नये. एक वीत खाली गेले तर कानशील! म्हणून आमच्यात एक नेम आहे. ज्याचा वार, त्याच्याच घरचं माणूस नारळाखाली बसणार. परक्याचं लेकरू बसवायचं नाही.

बाबासोंच्या वाराखाली पहिल्यांदा त्यांचे वडील बसले. लग्नानंतर रंगूबाई बसली, बाबासोंची बायको. ती अजून सांगते, "तवापासनं ह्यांच्या हातनं मला इजा हुईल ही भीती गेली. बाकीचा तरास हायेच."

मग बाबासोंचे गुडघे गेले. मैदानातली पोरं एकेक करून गळाली. मी गॅलरीत उभी राहिले. रंगूबाईनं मला झाडू बांधून छताची जाळी काढली. एक पावसाळा माझ्यावर बनियनी वाळत होत्या. जिनं मैदानं गाजवली तिच्यावर बनियनी! मी काही बोलले नाही. बोलता येत असतं तर त्या घरात कुणाचं जेवण गोड झालं नसतं.

एक नात तेवढी मला विसरली नाही. क्षिप्रा. रोज सकाळी मला गच्चीवर न्यायची आणि आजोबांनी शिकवलेले हात करायची. तिचा थोरला भाऊ विश्वजित नेरूळच्या कॉलेजात. तो मोबाइल धरून तिची रीळं काढायचा आणि लोकांनी काय लिहिलं ते तिला वाचून दाखवायचा.

आणि मग तो परदेशी पिक्चर आला.

त्याचं नाव माझ्या तोंडात बसत नाही. पण महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

"आबा, जगभर हवा आहे त्याची," विश्वजित म्हणाला. "एकटा माणूस, हातात फक्त काठी आणि समोर अख्खी फौज. बघाच तुम्ही."

"फौज काय त्येच्या तोंडाकडं बघत बसती व्हय?" बाबासो म्हणाले.

"न बघता कसं बोलता, आबा?"

"शितावरनं भाताची परीक्षा. तू मोबाइलवर दावलंस ते शीत कच्चं हाय."

आतून रंगूबाई कडाडली, "भात कदी शिजवलाय का जन्मात? बघून या, मंग नावं ठेवा. घरात बसून साऱ्या जगाला कच्चं म्हंत्यात!"

त्यामुळे आम्ही गेलो, बाबासो, दोन्ही नातवंडं आणि मी. मॉलच्या दारात गार्डनं अडवलं. "बाबा, काठी आत नेता येणार नाही."

"बरं," बाबासो म्हणाले. "मंग मला उचलून आत न्या."

गार्डनं त्यांच्या खांद्यांची रुंदी पाहिली आणि बाजूला झाला. काठी म्हणाल्याचा राग मी गिळला. पिक्चर बघायचा होता ना.

आता खरं सांगते, मित्रांनो. पहिला तास चांगला होता. त्या पिक्चरमधला पोरगा गुरूच्या अंगणात नुसता उभा राहतो, पाय रोवून, उन्हात, पावसात. गुरू येता-जाता त्याच्या पोटऱ्यांवर फटके देतो. बाबासो खुर्चीत पुढे सरकले. "ह्येनं पाय बसवल्यात," ते हळूच म्हणाले. "खोटं न्हाय ह्ये." मलाही पटलं. त्या नटानं मेहनत घेतली होती. त्याच्या तळहाताला घट्टे होते आणि ते रंगवलेले नव्हते.

पुढे मात्र सगळं हवेत गेलं. माणसं दोरीला बांधल्यासारखी उडत होती. मारणारे एकावेळी एकच येत होते, रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखे, आपला नंबर लागेपर्यंत मुठी आवळून. त्यांच्या लाठ्यांचा आवाज ढोलासारखा. लाठीवर लाठी बसली की टणक, कोरडा आवाज येतो. अंगावर बसली तर आवाज लाठीचा येत नाही, माणसाचा येतो. हे त्या पिक्चर काढणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

आणि मग तो प्रसंग आला. गुरूच्या डोक्यावर मातीचं मडकं. शिष्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी. सगळीकडे शांत. तो म्हणे गुरूचा श्वास ऐकतो. लाठी फिरते, मडकं फुटतं, गुरू हसतो. अख्खं थिएटर उभं राहिलं.

मी तेव्हा क्षिप्राच्या मांडीवर आडवी होते. तिनं मला मुठीत धरलं होतं. तिचा तळवा घामानं ओला झाला आणि मूठ आवळत गेली. ती मूठ मी ओळखते. वार मनात ठरला की ती अशीच आवळते.

दुसऱ्याच दिवशी विश्वजितनं सोसायटीच्या सगळ्या ग्रुपवर फोटो टाकला: क्षिप्रा, डोळ्यांवर काळी पट्टी, हातात मी. खाली मजकूर, शिवजयंतीला मैदानात डोळे बांधून नारळ फोडणार. जुईनगरमध्ये पहिल्यांदाच.

बाबासोंना तो फोटो शेजाऱ्यानं दाखवला. त्यांनी मोबाइल परत दिला आणि चहा पूर्ण प्यायला. रंगूबाईच बोलली.

"अगं ए, डोळं देवानं फुकट दिल्यात, ते बांधायची हौस कुठनं आली?"

"आज्जी, मला जमतं. गच्चीवर रोज करते मी."

"कशावर?"

"स्टुलावर ठेवून."

"मंग स्टुलाशीच लगीन लाव. घरचं मानूस कोन बसनार?"

"मी बसतो ना," विश्वजित म्हणाला. "टेन्शन नको घेऊ, आज्जी."

गच्चीवरचं मी सांगते. पट्टी बांधून क्षिप्रा मला फिरवायची तेव्हा बहुतेक वेळा नारळ फुटायचा. विश्वजित तेवढंच रेकॉर्ड करायचा. पण शिवजयंतीच्या सकाळी मी नारळाच्या खाली उतरले आणि स्टुलाचा कोपरा उडाला. विश्वजितनं तो तुकडा उचलला, आपल्या कानाकडे हात नेला आणि रेकॉर्डिंग बंद केलं.

संध्याकाळी मैदान भरलं. ढोल थांबला. क्षिप्राचं नाव पुकारलं. ती मला घेऊन मध्ये आली आणि तिनं भावाकडे पाहिलं. विश्वजित जवळ येऊन कुजबुजला, "क्षिप्रा, स्टुलावरच ठेवू ना. लोकांना काय कळतंय?"

"नेम आहे, दादा. सगळ्यांना माहितीये."

"मग..." तो चाचरला. चुंबळ त्याच्या हातात होती, डोक्यावर जात नव्हती.

बाबासो खुर्चीतून उठले. लंगडत आले. विश्वजितच्या हातातून चुंबळ घेतली आणि दुखरा गुडघा दोन्ही हातांनी मोडत जमिनीवर मांडी घातली.

"आबा, उठा," क्षिप्रा म्हणाली.

"का? मी घरचा न्हाय?"

"तुम्ही रागावलाय माझ्यावर."

"रागावलो असतो तर तिकडं खुर्चीत बसलो असतो. ठेव नारळ."

ते 'नको' म्हणू शकले असते, मित्रांनो. पोरीनं ऐकलंही असतं. पण मग तो नकार त्यांचा झाला असता आणि तिच्या मुठीतली खाज तशीच राहिली असती. मी म्हातारी आहे. मला हे कळतं. तरीही मला त्यांचा राग आला. लाठीचा कोणी विचारच करत नाही. उद्या त्यांचं कानशील फुटलं तर डाग कुणाच्या अंगावर राहणार होता?

तिनं माझं टोक नारळाला टेकवून माप घेतलं. बाबासोंची मान हलली नाही. गोण्या वाहिलेली मान ती. तिनं एक पाऊल मागं घेतलं आणि विश्वजितनं तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. गाठ मारताना पट्टी ओढली गेली आणि तिचा डावा पाय सरकला. थोडासाच. तिला कळलं नाही. मला कळलं, कारण त्या पायाबरोबर गुडघा वाकला, खांदा उतरला आणि मी नारळाच्या रेषेतून खाली आले. आता मी बरोबर बाबासोंच्या कानासमोर होते.

कसं सांगू? मला तोंड नाही.

गर्दी त्या पिक्चरमधल्या नटाचं नाव घेऊन ओरडू लागली. टाळ्या, शिट्ट्या. क्षिप्रानं मला मागं नेलं. तिच्या मनगटात वाराचा ताण भरला. मी सगळं अंग ताठ केलं. भरीव वेळू याहून जास्त काही करू शकत नाही.

ती ऐकत होती. त्या पिक्चरमध्ये श्वास ऐकू येतो ना? इथे शिट्ट्या ऐकू येत होत्या. कुणाचा तरी फोन वाजत होता. लहान मूल रडत होतं. आजोबांचा श्वास कुठेच नव्हता. ती मान कलती करून शोधत राहिली आणि वार तिच्या खांद्यात अडकून राहिला.

"आबा?" ती म्हणाली.

बाबासो बोलले नाहीत. नारळाखालच्यानं हलायचं नाही आणि बोलायचंही नाही, हाही नेमच.

"आबा!"

मग तिनं डाव्या हातानं पट्टी ओढून काढली.

मी किती खाली आले आहे ते तिनं पाहिलं. मग त्यांच्या कानाकडे पाहिलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "ए, हे काय! चीटिंग! पिक्चरमध्ये तर डोळे बांधून फोडतात!"

रंगूबाई पदर खोचून उभी राहिली. "त्या पिक्चरमधी तुजा आजा बसला हुता का रं?"

ओरडणारा खाली बसला.

क्षिप्रानं पट्टी विश्वजितच्या हातात दिली. डावा पाय उचलून जागेवर आणला, रोवला, पुन्हा माप घेतलं. पोटऱ्या थरथरत होत्या त्या थांबेपर्यंत ती नुसती उभी राहिली. लोक चुळबुळले, काही निघूनही गेले. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. मग डोळे नारळावर ठेवून तिनं मला सोडलं.

सूंऽऽ. खट्ट.

नारळाची दोन शकलं दोन दिशांना गेली. पाणी बाबासोंच्या कपाळावरून मिशीत उतरलं. डोक्यावर चुंबळ तशीच होती. टाळ्या थिएटरएवढ्या पडल्या नाहीत. पण क्षिप्रा मला घेऊन त्यांच्या शेजारी मटकन बसली आणि ढसढसा रडली, आणि बाबासोंनी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो हात थरथरत होता. म्हणजे तेही घाबरले होते. घाबरून बसले होते.

विश्वजित त्यांना उठवायला आला. मान खाली घालून म्हणाला, "आबा, पिक्चर बेकारच होता ना?"

"कोन म्हंतं?" मिशीतलं पाणी पुसत बाबासो म्हणाले. "बघन्यासारखा हाय. त्या पोरानं म्हेनत केलीया, तिला नावं ठिवू नयेत. फकस्त त्येनं डोळं बांधलं की आपन उठून घरला यायचं."

आता संध्याकाळी मैदान पुन्हा भरतं. पिक्चर बघून आलेली पोरं-पोरी येतात. रोज कोणीतरी विचारतं, "ताई, डोळे बांधून नारळ कधी शिकवणार?" क्षिप्रा एकच उत्तर देते, "आधी घरी जा. नारळाखाली कोण बसायला तयार आहे ते विचारून ये."

पोरं घरी जातात. दुसऱ्या दिवशी येतात ती पट्टीचं नाव न काढता पवित्र्यात उभी राहतात.

मित्रांनो, पिक्चर जरूर बघा, आवडला तर शिट्ट्याही मारा. पण एकदा तुम्हीही घरी हे विचारून पाहा. तुमच्यावर विश्वास ठेवून कोणी 'मी बसतो' म्हणालंच, तर त्या माणसाच्या केसालाही धक्का लागू देऊ नका.