शैलाच्या हिरड्या

शैलाच्या दातांची तार निघाली त्या दिवशी पेढे वाटायचे ठरले होते, ते राहूनच गेलं. दात ओळीत आले होते, पण हिरड्या सुजून दातांवर चढल्या होत्या आणि ब्रश लावला की रक्त. "मऊ ब्रशनं दोन्ही वेळा घासायचं," सिडकोतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "महिन्याभरात सूज उतरली नाही, तर वाढलेली हिरडी कापावी लागेल." कापायचं ऐकून माझी पोरगी गारठलीच.

घरी माझी थोरली नणंद, सरू वन्सं, बिडकीनहून आलेल्या. जन्मभर मिसरी लावलेली बाई. भाचीवर त्यांचा फार जीव, म्हणून तर सगळा घोळ झाला.

"रगत येतंय तिथं बुरूस कशाला घासती गं? जखमेवर कुणी घासतं व्हय? बोटावर मिसरी घे अन् लाव, ठणका लगेच थांबतोय बघ."

ठणका थांबला खरा. भाजलेल्या तंबाखूची पूड ती, बधिर करणारच. पोरगी खूश आणि मी आंधळी! आठवड्यानं तिच्या बोटाचं काळं टोक दिसलं, तेव्हा मी तिला तोंड उघडायला लावलं. हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. माझा पारा असा चढला की वन्संचा मानबिन सगळा विसरले.

"तुमच्या मायेपायी पोरीच्या हिरडीला सुरी लागायची वेळ आली!"

वन्संनी मिसरीची डबी पदराआड केली.

मग मी ठाण मांडून बसले. रक्त आलं तरी ब्रश, दातांच्या फटींत दोरा, झोपताना दात जागेवर धरणारी प्लेट. बेसिन लाल व्हायचं, शैला रडायची आणि मलाही वाटायचं, वन्संचंच तर खरं नसेल? हळूहळू रक्त कमी झालं. मग थांबलंच.

तपासणीला वन्सं हट्टानं बरोबर आल्या. डॉक्टरीणबाईंनी दिवा खाली ओढला आणि मी बघतच राहिले. हिरड्या गुलाबी, घट्ट, दातांना चापून बसलेल्या. सुरी नाही, सुई नाही. आम्ही नुसता मळ काढत राहिलो आणि शरीरानं आपलं आपण सावरून घेतलं! देवळातसुद्धा कधी आला नाही असा काटा माझ्या अंगावर आला.

"कापायची गरज नाही," बाई म्हणाल्या. शैला तोंडभर हसली.

वन्संनी वाकून बराच वेळ तिच्या तोंडात पाहिलं. "आगं बया," त्या हळूच म्हणाल्या, "हिरडी अशी असती व्हय?"

शैला खुर्चीवरून उठली. कुणी न सांगता वन्सं तिच्या जागी बसल्या आणि त्यांनी तोंड उघडलं.