दोन घरांत एक नाव

फोन आला तेव्हा लोर्ना टेस्की ओव्हनमधून मॅकरोनीचं भांडं बाहेर काढत होती. जून संपत आला होता आणि रात्रीच्या जेवणाची वेळ झाली तरी ओटाव्यातलं ऊन उतरायचं नाव घेत नव्हतं. पलीकडच्या बाईने आपलं नाव ओडेट असं सांगितलं. ती जनगणनेच्या कॉल सेंटरमधून, सडबरीहून बोलत होती. दोन-तीनच प्रश्न आहेत, पाच मिनिटं लागतील, असं ती म्हणाली.

लोर्नाने भांडं ओट्यावर ठेवलं. ती वाक्यं तिनेच लिहून दिलेली होती. ‘पाच मिनिटं’ म्हणावं की ‘थोडा वेळ’, यावर तिच्या ऑफिसात एक अख्खी बैठक झाली होती.

देशातली घरं आणि त्यांतली माणसं मोजण्यात तिची नोकरी सरत आली होती. त्यातही तिच्याकडे खास काम होतं ते दोनदा मोजल्या गेलेल्या माणसांचं. एकच नाव आणि एकच जन्मतारीख दोन घरांच्या अर्जांत सापडली, की त्यांपैकी एका घरी फोन जातो. कुठल्या घरातून नाव वगळायचं, ते त्यावरून ठरतं. फोन करणारी बाई दुसऱ्या घराबद्दल चकार शब्द काढत नाही. ते घर कुठल्या गावात आहे, तिथे कोण राहतं, काहीच नाही. कामावर रुजू होताना प्रत्येकाने तशी शपथ घेतलेली असते आणि ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. असं दुसरं घर आहे याचा वाससुद्धा येऊ नये, असेच लोर्नाने प्रश्न बांधले होते. दुसऱ्या कुणाला तो आलाही नसता.

नव्या लोकांना शिकवताना ती दरवेळी सांगायची, की दोनदा मोजलेल्यांत सगळ्यात जास्त असतात ती आयांनी लिहिलेली मुलं. मुलगा घर सोडून जातो, पण आईच्या अर्जातून बाहेर पडायला त्याला आणखी दहा वर्षं लागतात. यावर लोक हसायचे. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा फर्नां लालोंद मागून पुस्ती जोडायचा, की त्याच्या आईने तर लग्नानंतरही त्याला आपल्याच घरात लिहिलं होतं. बायकोला मात्र लिहिलं नव्हतं.

आणि या मे महिन्यात लोर्नाने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःचा अर्ज भरला. पहिल्या ओळीत ती स्वतः. दुसऱ्या ओळीत कॉर्मॅक टेस्की, मुलगा, वय चौतीस.

कॉर्मॅक घर सोडून गेल्याला सहा वर्षं झाली होती. भांडण असं काही झालं नव्हतं. तो पश्चिमेकडे कामाला गेला, मग फोन कमी झाले, मग नंबर बंद लागायला लागला. त्याचं नाव लिहिताना तिला रडू आलं नाही. काही ठरवूनही तिने ते लिहिलं नव्हतं. हाताने लिहिलं, अर्ज पाठवला, कप विसळला. नंतर ते तिला आठवायचं, पण नळ थोडासा गळतोय हे माहीत असावं, तितपतच.

“मॅडम, आहात ना?” ओडेटने विचारलं. “कॉर्मॅक टेस्की या व्यक्तीबद्दल विचारायचं होतं.”

म्हणजे त्याचं नाव आणखी कुणीतरी लिहिलं होतं. त्याच नावाचा, त्याच दिवशी जन्मलेला दुसराच कुणी निघण्याची शक्यता किती, हे लोर्नाला ठाऊक होतं. जवळजवळ नाहीच. मोजणीच्या दिवशी तो जिवंत होता, कुठल्यातरी छपराखाली होता आणि तिथल्या कुणालातरी त्याची जन्मतारीख माहीत होती.

आता आत काहीतरी हलेल म्हणून ती थांबली. काही हललं नाही. मॅकरोनीवरचं चीज घट्ट होत चाललं होतं, तेवढं तिच्या ध्यानात आलं.

“मोजणीच्या दिवशी ते नेहमीसारखे तुमच्याच घरी राहत होते का?”

दोन्ही उत्तरांच्या वाटा कुठे जातात, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. नाही म्हटलं, तर तो इथून वगळला जाणार आणि प्रकरण मिटणार. हो म्हटलं, तर दोन घरांचा एकाच माणसावर हक्क; मग दुसऱ्या घरी फोन. कुणीतरी त्याला हाक मारून बोलावेल. ओडेटसारखीच एखादी बाई त्याला हेच प्रश्न विचारेल. आणि तो ओळखेल. हे प्रश्न त्याने लहानपणी याच टेबलावर जेवता जेवता ऐकले होते. आपल्याला अजून कोण घरात धरतंय, हे त्याला कळेल. एका शब्दाचं काम होतं.

“प्रश्न परत वाचू का, मॅडम?”

“वाचा.”

ओडेटने वाचला, पहिल्याइतकाच सपाट आवाजात. तसाच वाचायचा असतो.

“नाही,” लोर्ना म्हणाली. “इथे राहत नव्हता.”

“मग कुठे राहत होते, सांगता येईल?”

हा प्रश्न ठेवावा म्हणून लोर्ना वरिष्ठांशी भांडली होती. लोकांना बहुतेक वेळा माहीत असतं, असं तिचं म्हणणं होतं.

“माहीत नाही.”

पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या. नाव काढल्याचं ओडेटने सांगितलं. मग कागदावर नसलेलं एक वाक्य ती बोलली. “बऱ्याच आया हो म्हणून मोकळ्या होतात, मॅडम. आमचं काम वाढतं मग.”

“कल्पना आहे मला.”

लोर्ना जेवायला बसली. अर्ध्यावर तिने ताट बाजूला सारलं आणि उरलेलं डब्यात भरलं. अर्जात नावापुढे घरातल्या पहिल्या व्यक्तीशी असलेलं नातं लिहावं लागतं. ते पर्याय तिला तोंडपाठ होते. नवरा, जोडीदार, जावई, भाडेकरू, सोबत राहणारा. त्या दुसऱ्या घरच्या अर्जात काय लिहिलं असेल म्हणून ती एकेक पर्याय त्याच्या नावापुढे लावून पाहत राहिली. कुठलाच चुकीचा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फर्नांने आदल्या दिवशीचा हिशोब तिच्यापुढे सहीला ठेवला. आठशेच्या वर दुहेरी नावांचा गुंता सुटला होता. एका दिवसात एवढ्यांचा कधीच सुटत नाही, असं तो म्हणाला.

“आया खरं बोलायला लागल्या की काय गं?”

“एखादी बोलते,” लोर्ना म्हणाली आणि आकडा तपासून तिने सही केली.