अर्ध्या ठिपक्यांचा सुडोकू

मी एक जुना सुडोकू आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी साधासुधा नाही. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बसून चहाबरोबर सुटणाऱ्या माझ्या भावंडांची मला कीव येते. माझ्यात दोन नियम जादा आहेत. बुद्धिबळातला घोडा अडीच घरे चालून जिथे पोचतो, तिथे तोच आकडा पुन्हा बसत नाही. शिवाय दोन घरांच्या मध्ये ठिपका असेल, तर त्यांत लागोपाठचे आकडे हवेत. चारशेजारी पाच किंवा तीन. छापलेले आकडे सहाच. उरलेली पंचाहत्तर घरे, तुम्ही आणि तुमचे खोडरबर. भल्याभल्यांच्या तोंडाला मी फेस आणला आहे आणि त्याचा मला जराही पस्तावा नाही.

माझा जन्म नागपुरातल्या पाचपावलीत, जागेश्वर नावाच्या विणकराच्या ग्राफपेपरवर झाला. तीस वर्षे ते हातमागावर बसले. साड्यांचे काठ ते अशाच कागदावर चौकटी भरून आखत. माग बंद पडला तेव्हा ते इतवारीतल्या दुकानात कापड मोजू लागले, पण बोटांना चौकटींची सवय होती. कोणीतरी सुडोकू दाखवला आणि ते कोडी रचू लागले. माझ्यावर त्यांनी चार महिने घालवले.

का, तेही सांगतो. साडीवर विणकराचे नाव नसते. धरमपेठेतले एक कोडेमंडळ मात्र दर वर्षी स्पर्धा घेई आणि शेवटच्या फेरीचे कोडे रचणाऱ्याच्या नावासह पुस्तिकेत छापी. जन्मात एकदा आपल्या नक्षीखाली आपले नाव यावे, एवढीच जागेश्वरांची हाव होती. मी निवडला गेलो, त्या दिवशी ते दुकानात दोनदा चुकीचे कापड फाडून बसले.

आता खरी गोष्ट. काठाची नक्षी दोन्हीकडे सारखी असेल तर विणकर ती कागदावर अर्धीच काढतो. उरलेली अर्धी आरशात दिसावी तशी उलटून घ्यायची, हे मागावरच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. माझे ठिपकेही जागेश्वरांनी सवयीने डाव्या बाजूलाच काढले. मंडळाला संगणकावरची प्रत हवी होती, म्हणून मला त्यांनी मुलीच्या, धनश्रीच्या हाती दिले.

"ठिपके अर्धेच हायेत वं. उजवीकडं पलटवून घेजो," ते म्हणाले.

मोबाइलमधून मान न काढता ती हो म्हणाली आणि मला होते तसे उतरवून पाठवून दिले. आठवीपर्यंत ही पोरगी मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरत होती. कोडे आधी सोडवून पाहणे हे मंडळाच्या केयूरचे काम, तर त्याने प्रत उघडलीसुद्धा नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी दोन स्पर्धकांनी एकदमच हात वर केले. दोघांची उत्तरे वेगळी आणि दोन्ही नियमांत बसणारी. त्यांचे भांडण जुंपले तेव्हा मला आधी गंमत वाटली. मग कळले की, हसे माझेच झाले आहे. सुडोकूला उत्तर एकच असते. दोन उत्तरांच्या सुडोकूला आमच्यात लूत लागलेल्या कुत्र्याची किंमत.

स्वतःचा आळशीपणा झाकायला केयूर सगळ्यात मोठ्याने हसला. म्हणाला, "काकाजी, हे कोडं आहे की चिंधी?" हॉल हसला. मग त्याने धनश्रीला विचारले की उतरवताना काही राहिले का. तिला त्याच दिवशी मंडळात घेणार होते. नवा ड्रेस घालून ती पहिल्या रांगेत बसली होती.

जागेश्वरांनी तिच्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. पोरगी आता सांगेल, एवढेच त्यांना वाटत होते.

"मी बाबांनी दिलं तसंच उतरवलं," धनश्री म्हणाली. "अलीकडे त्यांच्या लक्षात राहत नाही."

मी तेव्हा त्यांच्या खिशात होतो, मूळ कागद. त्यांनी मला अर्धे बाहेर काढले होते. परत घडी घालून आत ठेवले.

"माहीच चूक हाये," ते म्हणाले.

त्यानंतर सगळे त्यांच्याशी फार चांगले वागले. कोणी पाणी आणून दिले, कोणी बहिऱ्याशी बोलावे तसे मोठ्याने बोलले. हसण्यापेक्षा ते वाईट होते. मला दयामाया नाही, तरी मला ते बघवले नाही.

जागेश्वरांनी पुन्हा कोडे रचले नाही. त्या वर्षीच्या पुस्तिकेतून मला वगळले आणि मी ट्रंकेत गेलो. पुढच्या वर्षी धनश्रीने पुस्तिका आणून त्यांच्यापुढे ठेवली. तिच्यात मी होतो, दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांसह, आणि खाली छापले होते, 'रचना: धनश्री'. उलटून कसे घ्यायचे ते आता तिला बरोबर आठवले होते.

"घरचंच तर आहे नं बाबा," ती म्हणाली. "आता बरोबर झालं का, पाहा."

त्यांनी पेन घेतले. डावीकडून पाच उभ्या ओळी कुठेही न अडखळता भरल्या आणि पुस्तिका तिच्या हातात दिली.

"बाकीचं काहून सोडलं?"

"अर्धं तुले माहीत हाये," ते म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. कागद आहे, फाटेन. पण तुमच्या घरात कोणी तुमच्या भरवशावर अर्धेच सांगत असेल, तर उरलेले अर्धे चार लोकांत तोंड उघडून सांगा. मागाहून भरायला गेलात तर हात चालत नाही. पाच ओळी भरलेल्या असल्या की माझ्या उरलेल्या चार म्हणजे पोराचा खेळ, दहा मिनिटांचे काम. ती पुस्तिका दोन वर्षे धनश्रीच्या कपाटात आहे आणि त्या चार ओळी अजून कोऱ्या आहेत.