फियोनाचं सॉर्पोटेल

जोविटाला सूड घ्यायची सवय नव्हती. कळव्याला तिला साधं रिक्षावाल्याशी भांडता येत नसे. जास्त पैसे मागितले तर ती देऊन वर सॉरी म्हणायची. पण नोव्हेंबरात तिची लेक जोआना, इयत्ता चौथी, ‘माझा आवडता पदार्थ’ हा निबंध घेऊन घरी आली. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, ‘माझी फियोना आंटी नाताळला खूप छान सॉर्पोटेल बनवते. माझ्या मम्मीला ते येत नाही.’ शेजारी बाईंनी तारा काढला होता.

सॉर्पोटेल जोविटाच करायची. तिच्या आईची रीत होती ती. पोर्क, कलेजी, व्हिनेगर आणि मे महिन्यात कांडून बाटलीत दाबून ठेवलेला मसाला. बावीस डिसेंबरला शिजवायचं, मग तीन दिवस रोज एकदा गरम करून पुन्हा झाकून ठेवायचं. पहिल्या दिवशी ते नुसतं आंबट कालवण असतं. चौथ्या दिवशी त्याच्यासाठी माणसं फादरचं प्रवचन संपायच्या आत बुटाच्या नाड्या बांधून तयार असतात.

पंचवीसला ती आणि नवरा पॉल तो टोप मांडीवर धरून रिक्षाने कोलशेतला जात. तिथे थोरला दीर डिनो राहायचा आणि त्याचा हॉल मोठा होता. डिनोची बायको फियोना टोप आत नेई, काचेच्या भांड्यात ओते, वर कोथिंबीर टाकी आणि बाहेर आणी. जोआनाच्या लेखी घरचं ते मम्मीचं आंबट कालवण आणि या भांड्यातलं आंटीचं सॉर्पोटेल. पहिल्या वर्षी कुणीतरी म्हणालं, वा, फियोना. फियोना म्हणाली, थँक यू. जोविटा पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहिली. त्याला अकरा वर्षं झाली. वाक्य अजून यायचं होतं.

पॉलचं म्हणणं, जाऊ दे ना, खायला तर मिळतं. त्याचा सूड तिने नंतरसाठी राखून ठेवला.

आधी तिला वाटलं, या वर्षी मीठ दुप्पट घालावं. पण आईच्या रितीत मुद्दाम खोट काढायला मन धजेना. मग तिने ठरवलं, फियोनाची स्तुती करायची. मरेस्तोवर.

कोलशेतच्या नाताळ कमिटीच्या ग्रुपवर तिने लिहिलं, आमच्या फियोनासारखं सॉर्पोटेल ठाणे जिल्ह्यात नाही. रविवारी चर्चबाहेर ती बायकांना गाठून तेच सांगू लागली. कमिटीचे प्रमुख फ्रँकलिन अंकल यांना ती म्हणाली की गावजेवणाला दरवर्षी बाहेरचा आचारी कशाला, घरात सोनं आहे. फ्रँकलिन अंकलना सोनं हा शब्द फार आवडला. आठवड्याभरात नाक्यावर फ्लेक्स लागला: ‘सॉर्पोटेल-सम्राज्ञी फियोना यांच्या हातचं, अडीचशे पानं.’ फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता, शालू नेसलेला. फ्लेक्सवाल्याने तिच्या हातात वरून डाव चिकटवला होता. तो इतका लांब होता की फियोना होडी वल्हवायला निघाल्यासारखी दिसत होती.

फियोनाने जोविटाला फोन केला. अगं, हे काय करून ठेवलंस, म्हणाली. जोविटा म्हणाली की तुझं कौतुक व्हायला नको का. मग फियोनाने हळूच विचारलं, तू मदतीला येशील ना? जोविटाने सांगितलं, सम्राज्ञीच्या टोपाला हात लावायची माझी काय लायकी.

फियोनाच्या माहेरी सॉर्पोटेल केटररकडून यायचं. हे जोविटाला ठाऊक होतं आणि ती याच्याच भरवशावर होती.

वीस तारखेला चर्चच्या हॉलमध्ये कमिटीची मीटिंग झाली. बारा माणसं होती, तरी फ्रँकलिन अंकल माइकवर बोलत होते. माइकशिवाय ते घरी पाणीसुद्धा मागत नसत असं त्यांची बायको सांगायची. त्यांनी विचारलं, मॅडम, पोर्क कधी आणून देऊ?

“पंचवीसला पहाटे,” फियोना ठसक्यात म्हणाली. “सहाला चूल पेटवते, बारापर्यंत तयार. ताजं ताजंच बरं लागतं.”

दोघी बायकांनी छातीवर क्रूस केला. सासूबाई, जुलियामाय, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्या तोंडातलं बिस्कीट चावायच्या थांबल्या.

“त्याच दिवशी?” त्यांनी विचारलं.

“हो, माय. दरवर्षी तसंच तर करते.”

“असं,” जुलियामाय म्हणाल्या. “मग गेली अकरा वर्षं मी काय खाल्लं?”

फियोनाने जोविटाकडे पाहिलं. जोविटा पंख्याची पाती मोजत होती. तीन होती. तिने पुन्हा मोजली.

फियोना उठून तिच्याजवळ आली आणि कानाशी कुजबुजली, “जोवी, प्लीज. काहीतरी बोल ना.”

“मी कशाला? माइक तिकडे आहे,” जोविटा म्हणाली. “आणि ते तू बोलायचं आहेस.”

फियोना माइककडे गेली. आधी तिने त्यावर दोनदा टिचकी मारली, चालू आहे का बघायला. दुर्दैवाने चालू होता.

“सॉर्पोटेल जोविटा करते,” ती म्हणाली. “पहिल्यापासून तीच करते. मी फक्त भांडं बदलते.” आणि मग, का कोण जाणे, “कोथिंबीर माझी असते.”

मागच्या खुर्चीत जोआना मोबाइलवर गेम खेळत होती. तिने मान वर केली आणि आईकडे अशी बघत राहिली की जणू मम्मी तरुणपणी सर्कशीत होती हे तिला आत्ताच कळलंय. जोविटाने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. हो, मीच.

फ्रँकलिन अंकलनी माइक परत मिळवला आणि सांगितलं की फ्लेक्स बदलायला आता वेळ नाही, नावावर कागद चिकटवू. त्यामुळे त्या नाताळात नाक्यावर फियोनाचा चेहरा आणि खाली जोविटाचं नाव असा फ्लेक्स होता. जोविटाने तक्रार केली नाही. आपल्या चेहऱ्याखाली दुसऱ्याचं नाव कसं वाटतं, ते आता फियोनाला रोज भाजी आणायला जाताना बघावं लागत होतं.

राहिली अडीचशे पानं. ती आता जोविटाच्याच गळ्यात होती, हे घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने कमिटीला एकच अट घातली: मदतनीस मी निवडणार. आणि निवडली.

बावीसला सकाळी चर्चमागच्या मांडवात फियोना मटण कापायच्या पाटासमोर बसली. पुढ्यात चाळीस किलो उकडलेलं पोर्क आणि कलेजी, हातात सुरी. सॉर्पोटेलचे तुकडे वाटाण्याएवढे लागतात, हे तिला त्या दिवशी कळलं. तीन तासांनी तिने पहिलं घमेलं भरलं आणि पाठ ताणत जोविटापुढे सरकवलं.

जोविटाने त्यातला एक तुकडा उचलला, तळहातावर ठेवून उजेडात धरला, बराच वेळ बघितला. मग अख्खं घमेलं परत फियोनाच्या पाटावर उपडं केलं.

“अजून बारीक,” ती म्हणाली.